मोतीबाईचा ड्रायव्हर

सोसायटीच्या रजिस्टरात, व्यवसायाच्या रकान्यात
मी लिहिलं: ड्रायव्हर, निवृत्त.
सेक्रेटरी कर्डिले म्हणाले, एस्टी की ट्रक?
अब्बा म्हणाले, मोतीबाई.

मोतीबाई ही मालकाची आई.
तिच्या नावाचं जहाज साडेचारशे टनांचं,
पोटात सहा सिलिंडरचं इंजिन,
त्यातला चौथा कायम रुसलेला.
भावनगरचं मीठ खाली कालिकतला,
मंगळुरी कौलं वर,
वेरावळचं सिमेंट, काथ्या, सुंठ, खत,
एकदा एका सर्कशीचे तंबू आणि दोन उंट,
ज्यांना दाभोळपासून लाट लागली
आणि खलाशी आठवडाभर फळी घासत राहिले.

सत्तावीस वर्षं किनाऱ्याकिनाऱ्यानं,
पण बंदर असं अब्बांनी पाहिलंच नाही, ऐकलं.
वरून घंटी यायची: हळू पुढे.
हळू मागे.
थांब.
आणि शेवटी दोर बांधून झाले की
ती वेगळी, लांब घंटी: बस, इंजिनाचं काम झालं.
मग हात पुसायचे, मग चहा, मग जिना,
तोवर अंधार पडलेला असायचा.
मी झाले तेही त्यांना रत्नागिरीच्या धक्क्यावर कळलं,
सतरा दिवसांनी,
पोती उतरत असताना, एका हमालाकडून.
कुणाच्या पोती किती हे तो मोजत होता,
मध्येच म्हणाला, याकूबभाई, तुला पोरगी.
आणि मोजणी चुकली.

मग माल ट्रकांनी नेला.
मालकाच्या नातवानं जहाज विकलं,
नव्या मालकानं नाव पुसलं,
पण अक्षरं वेल्डिंगची होती.
वरून कितीही रंग मारा,
हात फिरवला की मोतीबाई बोटांना लागायची.

शेवटची फेरी अलंगची. पौर्णिमेची भरती.
वरून घंटी आली: पूर्ण पुढे.
समोर जमीन असताना पूर्ण पुढे,
असं आयुष्यात एकदाच.
त्यांनी दिलं. चौथा सिलिंडरही त्या दिवशी
शहाण्यासारखा चालला.
चिखलात शिरताना सगळ्या भांड्यांनी एकदम आवाज केला,
आणि मग इतकी शांतता
की तेलाचा थेंब ऐकू यावा.
ते वाट बघत राहिले.
बसची घंटी कुणी वाजवलीच नाही.
माणसं वरच्या वर दोरीच्या शिडीनं उतरून गेली होती.

कोंढव्यात समुद्र नाही, टँकर आहे.
एक दिवसाआड, कधी पहाटे पाचला, कधी नाहीच.
पहिल्याच महिन्यात अब्बांनी गळाला धरलं टँकरवाल्याला:
दहा हजार लिटर म्हणतोस, उतरलं आठ.
जुन्या बाजारातून पितळी पट्टी आणली,
दोरीला बांधली, तिला खडू फासला,
टाकीत सोडली, ओढली, ओली रेघ वाचली.
मग आतल्या भिंतीवर पांढऱ्या रंगानं आकडे काढले,
जहाजाच्या नाळेवर असतात तसे,
तीन, चार, पाच, सहा, सात.
कर्डिल्यांनी विचारलं, आठ का नाही?
अब्बा म्हणाले, आठला बुडतं.

वीज गेली की ते जिना उतरतात,
लिफ्ट चालू असली तरी जिनाच.
जनरेटरच्या अंगाला स्क्रू ड्रायव्हर टेकवून
दुसरं टोक कानाला लावतात.
वॉचमन बबन धोत्रे बॅटरी धरून उभा.
बेअरिंग बोलतंय, ते म्हणतात,
दिवाळीच्या आत बदला.
कुणी बदलत नाही. दिवाळीत ते अडकतं.

या उन्हाळ्यात गुडघ्यांनी जिना सोडला.
आता रात्री साडेदहाला इंटरकॉम वाजतो,
मी उचलते, पलीकडे बबन:
ताई, अब्बांना सांगा, साडेतीन.
मी आतल्या खोलीत जाऊन सांगते.
ते पडल्यापडल्या मान हलवतात,
रिकामी निघाली, म्हणतात,
वारा लागेल, सांभाळून.

काल पाऊण टँकर आला. सहाच्या जरा वर.
मी सांगितलं, मग का कोण जाणे
तिथेच उभी राहिले,
आणि टेबलावरच्या स्टीलच्या पेल्यावर
चमचा वाजवला, एकदा, लांब.
त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.
अजून नाही, म्हणाले.
दोर कुठे बांधलेत.